आमचं नसलेलं कुत्रं

घर भाड्याने देताना मी दोनच अटी घालतो. घरात सिगरेट नको आणि जनावर नको. सिगरेटची अट सगळे मुकाट्याने मान्य करतात. जनावरावर मात्र लोक वाटाघाटीला बसतात. "एकच मांजर आहे, घरात असल्याचं कळतसुद्धा नाही," असं म्हणणाऱ्या एका सज्जन कुटुंबाला मी एकदा भुललो होतो. ते घर सोडून गेले तेव्हा वरच्या मजल्यावरचं कार्पेट उपटून टाकावं लागलं आणि तरी वास महिनाभर जिन्यात रेंगाळत होता. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

हे घर म्हणजे अमेरिकेत, कॅरी गावात आल्यावर आम्ही घेतलेलं पहिलं टाउनहाऊस. मुलगा मोठा झाला तसं ते अपुरं पडायला लागलं, म्हणून त्याच वस्तीच्या दुसऱ्या टोकाला मोठं घर घेतलं आणि हे भाड्याने द्यायला लागलो. दोन्ही घरांच्या मधे एक तळं आहे आणि तळ्याच्या कडेने चालायची वाट. म्हणजे सकाळी फिरता फिरता आपल्या मालमत्तेवर नजर ठेवायची आयती सोय. बायको म्हणते, "बाकीचे लोक बदकं बघतात, तुम्ही पडदे बघता."

बघतो. नोकरीची सगळी वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत. कुणीतरी "झालं, चालतंय" म्हणून काम आणून द्यायचं आणि ते कुठे चालत नाही ते मी शोधून काढायचं. संध्याकाळी घरी आलो म्हणून हा स्वभाव खुंटीला टांगून ठेवता येत नाही. आणि कुत्र्यांच्या बाबतीत तर मला संशयाचीही गरज नाही. लहानपणी नागपुरात एका कुत्र्याने माझी पोटरी धरली होती. त्यानंतर पोटात घेतलेली इंजेक्शनं माझ्या पोटाला अजून आठवतात.

तर अशा माझ्याकडे ती भाडेकरू म्हणून आली. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घराची चौकशी केली होती तिने. पुण्याची, पस्तिशीच्या आसपासची, इथल्या एका औषध कंपनीत कामाला, एकटी. घर बघायला आली तेव्हा कुणी न सांगता चपला दाराबाहेर काढून आत आली आणि माझी बायको तिथेच विरघळली. पहिल्या मिनिटापासून आम्ही काका आणि काकू. भाड्याचं काम बघणाऱ्या एजंटबाईने आधीच्या घरमालकाकडे चौकशी करायची का विचारलं, तर बायको म्हणाली, "कशाला, आपलीच मुलगी आहे." अमेरिकेत राहून असली चूक फक्त आपणच करतो. करारावर 'पाळीव प्राणी नाहीत' या ओळीपुढे तिने सही केली, ती मी डोळ्यांनी पाहिली.

उन्हाळा सरता सरता तिची ईमेल आली. सोबत तिच्या थेरपिस्टचं पत्र. तिला इमोशनल सपोर्ट ॲनिमलची, म्हणजे मनाला आधार देणाऱ्या प्राण्याची गरज आहे, म्हणून तिने बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरमधून एक कुत्रा घेतला आहे, आणि तो तिच्यासोबत राहील. खाली कुत्र्याच्या लसीकरणाचे कागद आणि फोटो. तपकिरी रंगाचा, एक कान दुमडलेला.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि तिला कारण होतं. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ माझ्यापुढे उभे होते. ते मोठ्या अभिमानाने सांगत होते, "कुत्र्याचं वेगळं पेट रेंट कशाला भरायचं यार? थेरपिस्टचं ऑनलाइन लेटर काढायचं. एक व्हिडिओ कॉल केला, थोडा चेहरा पाडला, झालं काम. आता लँडलॉर्ड एक शब्द बोलू शकत नाही." सगळे हसले. मीही हसलो, कारण लँडलॉर्ड दुसराच कुणीतरी होता.

मी एजंटबाईला फोन लावला. ती इथलीच, अमेरिकन. तिने मला शांतपणे समजावलं की आजार कोणता ते विचारायचं नाही, जास्तीचं भाडं लावायचं नाही, आणि करारातली ती ओळ इथे लागू होत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने हा पाळीव प्राणी नाहीच.

"मग काय आहे?"

"एखाद्याला चालायला कुबडी लागते ना, तसं समजा."

कुबडी भुंकत नाही आणि पोटरी धरत नाही, असं मी म्हणालो. ती हसली नाही.

पण मी असा सोडणारा नव्हे. थेरपिस्टचा परवाना राज्याच्या साइटवर शोधला. तो खरा निघाला. पत्रातली वाक्यं इंटरनेटवर कुठे जशीच्या तशी सापडतात का ते पाहिलं. सापडली नाहीत. लसीचे कागद तर इतक्या वेळा वाचले की त्या कुत्र्याची कुंडली मला तोंडपाठ झाली. तरी समाधान होईना. परवाना खरा असलेला माणूस खोटं पत्र देत नाही असं थोडंच आहे? आणि घरमालकाला विचारता येत नसेल, पण काकांना कोण अडवणार? मी सरळ तिला फोन केला.

"काय होतंय तुला नेमकं?"

"काका, त्यावर ट्रीटमेंट चालू आहे."

"अगं पण कशावर?"

"काका, प्लीज," ती म्हणाली, आणि विषय बदलून काकूंच्या गुडघ्याची चौकशी करायला लागली. बायकोने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

दिवाळीला मंडळाचं स्नेहसंमेलन झालं. त्यातल्या प्रहसनात ती भांडखोर शेजारीण झाली होती. पदर खोचून, हातात लाटणं घेऊन तिने असा काही धुमाकूळ घातला की अख्खा हॉल हसून लोळला. मी हाताची घडी घालून बसलो होतो. ही बाई स्टेजवर शंभर लोकांना नाचवते आणि हिला घरी बसायला कुत्र्याचा आधार लागतो! बायकोच्या कानाशी मी हे बोललोसुद्धा. ती म्हणाली, "हसवणारा माणूस आजारी नसतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मला तेव्हा ते उगाच शहाणपणाचं वाटलं.

थंडीत मी रीतसर आगाऊ कळवून घराची तपासणी करायला गेलो. हीटरचा फिल्टर बदलणं आणि स्मोक अलार्म वाजतो का बघणं, ही कामं मी कुणावर सोपवत नाही. खरा उद्देश अर्थातच कार्पेट बघणं हा होता. तिने कुत्र्याला वरच्या खोलीत ठेवून दार ओढून घेतलं होतं, तरी मी जिन्याकडे पाठ करायची नाही अशा बेताने उभा होतो. कार्पेट स्वच्छ होतं. वास घेतला, तर फोडणीचा आला. ती माझ्यासाठी पोहे करत होती. मी शिडीवर चढलो आणि अलार्मचं टेस्टचं बटण दाबलं.

तो आवाज कानठळ्या बसवणारा असतो, पण क्षणभराचा. मी खाली पाहिलं तर ती ओट्यापाशी नव्हती. ओट्याखालच्या कपाटांना पाठ टेकवून ती जमिनीवर बसली होती, चेहरा पांढराफटक, हात कानांवर, आणि श्वास नुसता वरवर. काय झालं, पाणी देऊ का, असं मी शिडीवरूनच काहीतरी बोललो. तिला ऐकूच गेलं नाही. एवढ्यात वरचं दार ढकलून कुत्रा जिना उतरून आला. माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो थेट तिच्या पायांवर जाऊन आडवा पडला, सगळा भार टाकून. तिने त्याच्या मानेत बोटं रुतवली. हळूहळू तिचा श्वास ताळ्यावर आला. मग ती उठली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "सॉरी काका. पोहे थोडे करपले."

मी ते खाल्ले आणि घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "अर्थात, ती नाटकात काम करते हेही विसरून चालणार नाही."

बायको उठून आत निघून गेली. मला माझंच बोलणं खटकलं होतं, पण सोडवत नव्हतं. एकदा संशय घेतला की तो खरा ठरावा असं वाटायला लागतं. त्यातून एक हट्ट तयार होतो, आणि त्या हट्टाला मी सावधपणा म्हणत होतो.

वसंतात करार संपत होता. कुत्र्यावरून तिला काढता येत नव्हतं, पण करार पुढे वाढवलाच नाही तर? पाइनच्या परागाने सगळ्या गाड्या पिवळ्या पडल्या होत्या त्या दिवसांत, तळ्याच्या वाटेवर ती मला भेटली. कुत्र्याची दोरी तिने आखडून धरली, कारण मी वाटेच्या अगदी कडेला गेलो होतो. मी म्हणालो, "अगं, एक सांगायचं होतं. आमचा मुलगा कदाचित इकडे परत येईल. त्याला घर लागेल." मुलगा सिॲटलला आहे. कॅरीचं नाव काढलं की तो कंटाळून जांभई देतो.

तिने थोडा वेळ कुत्र्याकडे पाहिलं. "ओके काका. तुमचं घर आहे. फक्त थोडं आधी कन्फर्म कराल का? याला घेऊन दुसरं घर मिळणं खूप टफ आहे, तुम्हाला तो आवडत नाही म्हणून मी विंटरमध्ये शोधून पाहिलं होतं. सगळे फोनवर छान बोलतात, लेटर पाठवलं की म्हणतात युनिट गेलं. तेव्हा एकांनी तर सांगितलं, डॉग शेल्टरला परत दे, मग बघू." तिने दोरी मनगटाला गुंडाळली. "ते मला नाही जमणार."

"बघू," मी म्हणालो. हा आपला ठेवणीतला शब्द. त्यात नकार असतो आणि तो दिल्याचा आरोपही येत नाही.

त्यानंतर काही दिवसांतच तिचा बायकोला फोन आला. आई पुण्याहून येत होती, मुलीकडे राहायला. आणि एक घोळ झाला होता.

"काकू, मी आईला सांगितलंय की डॉग तुमचा आहे. म्हणजे काकांचा. तुम्हाला जमत नाही म्हणून मी सांभाळते, असं. तिला थेरपीचं वगैरे काही माहीत नाही. कळलं तर ती मला इथे राहूच देणार नाही. काकांना प्लीज सांगाल का?"

फोन स्पीकरवर होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाला कुत्र्याच्या नुसत्या आवाजाने घाम फुटतो त्याच्या गळ्यात हिने कुत्रा बांधला, आणि तोही न विचारता. "बघ," मी बायकोला म्हणालो, "जी स्वतःच्या आईला थाप मारते ती घरमालकाला काय खरं सांगणार? म्हातारी समोर आली की मी स्पष्ट सांगणार आहे, कुत्रा आमचा नाही. पुढचं त्या दोघींनी बघावं."

"आणि मुलगा सिॲटलहून येणार, ही कुणाची थाप?" बायकोने विचारलं.

आई आल्या. आल्यानंतर चार-पाच दिवसांनी सकाळी आमची बेल वाजली. बायको किराणा आणायला गेली होती. दार उघडलं तर पंजाबी ड्रेसवर स्वेटर, पायात मुलीचे स्पोर्ट्स शूज, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हातात दोरी. दोरीच्या टोकाला तो. मुलगी ऑफिसला गेली होती.

"तुमचं कुत्रं तुम्हाला दाखवायला आणलं," त्या म्हणाल्या आणि शूज काढून आत आल्या. कुत्राही आला.

पाणी देईपर्यंत त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. "परीक्षेला वर्गातून एक फेरी मारली की कॉपी कोण करतंय ते मला मानेवरून कळायचं," असंही त्या बोलता बोलता म्हणाल्या. हा माझ्याच जातीचा माणूस होता.

"तर हे तुमचं?"

आता सांगायचं, आमचं नाही. वाक्य तयार होतं. पण त्यांच्या पाठीमागे मला उगाचच ते ओट्याखालचं कपाट दिसायला लागलं, आणि त्याला टेकून बसलेली त्यांची मुलगी. मी म्हणालो, "हो. आमचंच."

मग परीक्षा सुरू झाली. नाव काय? मी सांगितलं. वय? सांगितलं. कुठून आणलं? शेल्टरमधून. सुया टोचल्यात का सगळ्या? कोणत्या कधी टोचल्या तेही मी सांगितलं. चिकन चालतं का? नाही, अंगाला खाज येते, कागदात तसं लिहिलं होतं. त्या मुलीला खोटं पाडण्यासाठी मी जे जे पाठ केलं होतं ते एकेक करून तिच्या थापेच्या मदतीला धावून आलं. एकाही प्रश्नाला अडलो नाही. मनातून मला थोडा अभिमानच वाटला.

"छान," त्या म्हणाल्या. "आता पाय खाली घ्या."

मी पाहिलं. मी सोफ्यावर दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून, उशी पोटाशी धरून बसलो होतो. कुत्रा चटईवर पडून माझ्याकडे बघत होता.

"काही करत नाही ते," त्या म्हणाल्या. पाय खाली घ्यायचा मी प्रयत्न केला. एकच गेला.

त्यांनी माझ्या वर राहिलेल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "परवा माझ्या हातातून स्टीलचं पातेलं पडलं. ती मटकन खालीच बसली. काय होतंय गं, काय होतंय, मी म्हणतेय, पण ती माझ्याकडे बघेना. आणि हे कुठूनसं आलं आणि तिच्या पायांवर जाऊन पडलं. मी तिची आई. मला काही सुचलं नाही हो. नंतर विचारलं तर हसायला लागली. म्हणाली, चक्कर आली, जेवले नव्हते." त्यांनी ओढणीने चष्मा पुसला. "लहानपणीही अशीच. पडली की आधी हसायची, म्हणजे आपण विचारू नये."

"तुम्ही तिला विचारा ना," मी म्हणालो. "नीट बसून."

"ती सांगेल तेव्हा सांगेल. तिला वाटतंय मला कळत नाही, तर तसंच वाटू दे. पण मी इथे जन्मभर राहणार नाही. मला जायचंय परत." त्या उठल्या. दारापाशी जाऊन शूज घालता घालता म्हणाल्या, "तुमचा मुलगा खरंच येणार आहे का राहायला?"

मी मान खाली घालून त्यांच्या शूजकडे बघायला लागलो. मानेवरून कळलं असावं.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, फक्त खात्री होती. "हे बघा, कुत्रं तुमचं आहे असं तुम्ही आत्ता माझ्या तोंडावर म्हणालात. आता मागे फिरू नका. तुमचं आहे, तुमचा हक्क आहे. पण ते तिच्याकडून परत मागू नका. आणि ते तुमचं आहे म्हणजे त्याच्याकडे लक्षही तुम्हीच ठेवायचं."

बायको आली तेव्हा मी तसाच, एक पाय वर घेऊन बसलो होतो. त्याच दिवशी मी एजंटबाईला करार वाढवायला सांगितलं. मुलीला फोनवर म्हणालो, "मुलाचं रद्द झालं." ती म्हणाली, "थँक्यू काका," आणि पुढे तिला बोलता येईना, तेव्हा मीच काकूंच्या गुडघ्याचा विषय काढला.

आई पुण्याला परत गेल्या. जाण्याआधी त्यांनी माझा नंबर घेतला होता. आता अधूनमधून त्यांचा मेसेज येतो. फुलांचा फोटो नाही, सुविचार नाही, एकच ओळ: "तुमचं कुत्रं बरं आहे ना? झोपतं ना नीट?" पहिल्यांदा आला तेव्हा मी तो बायकोला दाखवला. तिने वाचला आणि फोन माझ्या हातात परत देऊन डोळे पुसले.

मी सकाळी तळ्याच्या वाटेने जातो आणि पडदे बघतो. माझा कुणावर विश्वास बसलेला नाही. ती वाटेत हसून "मस्त आहे काका" म्हणते, त्यावर तर मुळीच नाही. उघडलेले दिसले की तिच्या आईला तसं कळवतो. परवा मात्र उन्हं वर आली तरी पडदे बंद होते. मी दोन फेऱ्या मारल्या. शेवटी जाऊन बेल वाजवली. आतून भुंकणं ऐकू आलं आणि माझे पाय आपोआप पायरीवरून खाली आले. तरी मी थांबलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. विस्कटलेले केस, गालावर उशीच्या सुरकुत्या.

"काय झालं काका? आज सुट्टी घेतलीये. गजरच नव्हता लावला, एवढी झोप लागली ना."

तिच्या पायांमागून तो दुमडलेला कान बाहेर डोकावत होता. काही नाही, सहजच, असं म्हणून मी निघालो. तळ्याकाठच्या बाकावर बसून मी पुण्याला कळवलं, "आमचं कुत्रं बरं आहे. आज उशिरापर्यंत झोपलं होतं."